पनवेल ते अलिबाग धावत: बाहत्तरातले शेवटचे आठ

चाळिशी ओलांडलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आपल्या सगळ्यांना एक वाक्य कधी ना कधी ऐकवलं गेलं आहे. "आता या वयात कशाला?" पोहायला शिकायचं म्हटलं, गाडी चालवायची म्हटलं, की हे वाक्य तयार. ते बोलणारे प्रेमाने बोलतात, ही त्यातली खरी अडचण. शत्रूशी भांडता येतं, प्रेमाने मागे ओढणाऱ्याशी कसं भांडायचं? आणि काही वर्षांनी तर बाहेरचं कुणी लागतही नाही. आपणच आपल्याला ते ऐकवू लागतो.

मी ते स्वतःला बरीच वर्षं ऐकवलं. म्हणून हा प्रवास लिहिते आहे, नव्वदच्या दशकातल्या एका जानेवारीचा.

मी तेव्हा पनवेलच्या एका शाळेत मराठी शिकवायचे आणि संध्याकाळी गावोगाव व्याख्यानं द्यायचे. हुंडा, दारू, मुलींचं शिक्षण, विषय कुठलाही असो, माइक हातात आला की माघार नाही. एकदा 'बाईने वयाला घाबरू नये' यावर तासभर गरजून खाली उतरले, तर बाजारात मासळी विकणाऱ्या एक मावशी समोर येऊन उभ्या राहिल्या.

"बाय, बोलतेस लय बेस. पन तू सोता काय केलंस?"

मी चव्वेचाळीस वर्षांची होते आणि शाळेचा जिना चढताना मला दम लागायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे कॅनव्हासचे बूट घालून वडाळे तलावावर गेले. अर्धी फेरी पळाले आणि काठावर बसून राहिले. तीन वर्षांनी मी चाळीस किलोमीटर पळत होते. अल्ट्रामॅरेथॉन हा शब्द मी फक्त एका परदेशी मासिकात वाचला होता, पण मॅरेथॉनच्या पुढेही माणसं जातात एवढं त्यातून कळलं होतं.

आमचे हे पनवेलच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक. जगातलं कुठलंही अंतर ते टप्प्यांत मोजत. एस.टी.च्या भाड्याचा एक टप्पा म्हणजे सहा किलोमीटर. त्यांनी मला कागदावर अलिबागचा तक्ता करून दिला: पेणपर्यंत सहा टप्पे, तिथून वडखळ दोन, वडखळ ते अलिबाग चार. एकूण बारा टप्पे, बाहत्तर किलोमीटर. मी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं, "एका दिवसात बाहत्तर किलोमीटर पळणार."

मुख्याध्यापक चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "बाई, बाहत्तर मिनिटांचं भाषण ठेवू या का? ते नक्की पुरं कराल."

सगळे हसले. मीही हसले, पण त्या रात्री झोप लागली नाही. घरात मात्र मी कुणालाच सोबत चला म्हटलं नाही. सभेत सरकारकडे मागण्या करणारी मी, घरच्यांकडे एक रविवार मागायला लाजत होते. मागितलं आणि मध्येच बसकण मारली तर? एकटीने हरलेलं कुणाला दिसत नाही. शेवटी आदल्या दिवशी ह्यांनीच सांगितलं, "मी रजा टाकली आहे. स्कूटर घेतो, मेधा मागे बसेल, पिशव्या धरायला." मेधा म्हणजे आमची कॉलेजात जाणारी मुलगी.

पहाटे पाचला निघालो. मी सलवार-कमीजमध्ये, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. मागे स्कूटर. पिशवीत गूळ-शेंगदाण्याची चिक्की, मीठ घातलेलं कोकम सरबत आणि डब्यात मऊ भात. पळस्पे फाट्याला उजेड नव्हता. कर्नाळ्याच्या चढावर पक्षी जागे झाले आणि माझी भीतीही. घाईने चढू नका हे या रस्त्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. चढ फसवा आहे, झाडीत लांबी कळत नाही. आता तर रस्ता रुंद झाला आहे, वाहनं अंगावर येतात, म्हणून जायचं तर रविवारी आणि अगदी पहाटे.

खारपाड्याच्या पुलाअलीकडे डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक बाई थबकली. "कोन मागं लागलाय गं तुज्या?"

मागून ह्यांनी उत्तर दिलं, "मीच हाय. वीस वर्षं लागलोय, सापडत नाय."

ती इतकी हसली की तिला पाटी सावरावी लागली.

पेणला साडेदहा वाजले. पेणचे पोहे ज्यांनी पेणमध्ये बसून खाल्ले नाहीत त्यांनी नुसत्या पोह्यांवर मत देऊ नये. मी चार घास खाल्ले, पाय डांबरावर पसरून. इथपर्यंत मी सुखात होते. वडखळ नाक्यावर वड्यांचा घमघमाट होता आणि मला तो सहन होईना. धरमतरच्या पुलावर वारा समोरून आला. पोयनाडच्या पेठेत दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. मी एका ओट्यावर बसले आणि म्हणाले, "बास."

मेधाने माझे बूट काढले, पोटऱ्या चोळल्या. मग म्हणाली, "आई, तू बास म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही. पुन्हा म्हण."

मला पुन्हा म्हणवेना.

कार्लेखिंड मी चालत चढले, उतारावर पळाले आणि साडेचारच्या सुमाराला अलिबागचा समुद्र दिसला. मी वाळूत आडवी झाले. माझ्यासारखी बाई जगात नाही असं त्या क्षणी मला वाटलं, आणि ते मी आजही लपवत नाही.

तेवढ्यात मेधा स्कूटरजवळून म्हणाली, "बाबा, मीटरवर चौसष्टच झालेत."

ह्यांनी तक्ता काढला. बोटाने एकेक टप्पा पुन्हा मोजला. मग चेहरा पडला. एस.टी.त सहाच्या वर थोडंसं अंतर गेलं तरी पुढचा टप्पा पूर्ण धरतात. पेण ते वडखळ आठच किलोमीटर, तिकीट मात्र दोन टप्प्यांचं. ह्यांनी तीन तुकड्यांचे असे वाढीव टप्पे बेरजेला घेतले होते.

"चूक माझी," ते म्हणाले. "शाळेत मी येऊन सांगतो. चौसष्ट काय कमी आहेत?"

कमी नव्हते. कुणी विचारणारही नव्हतं. पण बाहत्तर हा आकडा मी चारचौघांत उच्चारला होता. उच्चारलेल्या शब्दाला जागायचं नसेल तर मी आयुष्यभर माइकपुढे काय करत होते? तरीही पाय उचलेनात. एकटीने आठ किलोमीटर मला शक्य नव्हते, आणि हे कळल्यावर जे वीस वर्षांत जमलं नव्हतं ते मी केलं. मागितलं.

"अहो, माझ्याबरोबर याल का? स्कूटरवर नाही, पायी."

"मी? मला स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दम लागतो."

"म्हणूनच."

त्यांनी पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला मेधाकडे दिल्या. ओल्या वाळूवरून शेजारच्या वरसोलीपर्यंत जाऊन परत, म्हणजे चार किलोमीटर, असं दोनदा. पहिल्या फेरीत ते माझ्या मागे होते, दुसऱ्या फेरीत मी त्यांच्या. शेवटी शेवटी आम्ही पळत होतो की लंगडत होतो, सांगता येणार नाही. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा बाहत्तर पुरे झाले. ह्यांनी खिशातला तक्ता काढला, तळाशी पेन्सिलीने 'अधिक आठ, पायी' असं लिहिलं आणि सही केली.

मेधा आणि मी एस.टी.ने पनवेलला परतलो, हे स्कूटरने. आठवडाभर मी शाळेचा जिना कठडा धरून उतरत होते. मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांसमोर हात जोडले, मी ते अगदी सावकाश स्वीकारले.

पुढे मी अनेकदा लांब पळाले. पण अलिबागने दिलं ते वेगळं. माझा स्वतःबद्दलचा संशय मी एकटीने ओट्यावर बसून, मुठी आवळून संपवला नाही. तो संपला वरसोलीच्या वाळूत, दम लागलेल्या एका माणसाच्या शेजारी. मैत्रिणींनो, आपली माणसं आपल्याला मागे ओढतात अशी तक्रार आपण करतो. बहुतेकदा आपण त्यांना बरोबर या म्हटलेलंच नसतं.

तेव्हा आज जेवायला बसाल, तेव्हा घरातल्या एका माणसाला एका गावाचं नाव सांगा आणि विचारा, "या रविवारी तिथपर्यंत माझ्याबरोबर पायी येशील का?"