अनिकेतच्या किल्टचं कापड

किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. वैशालीताई मेश्रामांच्या अनिकेतचं फिओनाशी जमलं आणि इथे अमेरिकेत, पार्सिपनीतल्या आमच्या शुक्रवारच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने-त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, दुसरा विषयच उरला नाही. फिओनाचे पूर्वज स्कॉटलंडचे, म्हणून नवरदेवाने किल्ट, म्हणजे तिकडच्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा घागरा, घालायचा हे ठरलं. कापड मात्र ठरेना. वैशालीताईंचं म्हणणं एवढंच, की आपला पोरगा स्वतःच्या लग्नात पाहुणा दिसू नये.

*

फिओनाच्या वडिलांनी नमुने आणले. प्रत्येक घराण्याच्या चौकड्या वेगळ्या, याला टार्टन म्हणतात, असं त्यांनी समजावलं. नेनेकाका आमच्यातले ज्येष्ठ, रिटायर्ड, म्हणून सर्वज्ञ. त्यांनी एक तुकडा निरखला.

"चेन्नईला असताना मी अशीच लुंगी नेसायचो. बघा बरं, माझं घराणं कुठलं?"

फिओनाचे वडील बिचारे खरंच शोधायला लागले.

*

नेनेकाकूंना अनिकेतच्या गुडघ्यांची काळजी.

"ऑक्टोबरात उघडे पाय? आतून थर्मल घाल."

"काकू, दॅट्स द ट्रॅडिशन."

"ट्रॅडिशनला सर्दी होत नाही, तुला होईल."

*

मग काकांनी मराठी टार्टनसाठी कमिटीच काढली. आडनावांप्रमाणे पट्टे! एडिसनच्या जोशांना मधला पट्टा हवा, देशमुखांना रुंद हवा. काकांनी स्वतःसाठी सोनेरी दोरा आधीच राखून ठेवला होता.

"आणि मेश्राम?" मी विचारलं.

"त्यांना कडेला घेऊ. कडेलाही शोभा असते."

कुणी काही बोललं नाही. मीही नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते. वैशालीताई चहा गाळत राहिल्या.

*

शेवटी किल्ट भाड्याने घ्यायला आम्ही दुकानात गेलो. काका सल्लागार म्हणून सोबत होतेच. म्हाताऱ्या दुकानदाराने आडनाव विचारलं. ताईंनी मान ताठ करून सांगितलं. त्याने आडनावांचं पुस्तक चाळलं, मिटलं आणि मागून गडद निळ्या-हिरव्या चौकड्यांचा किल्ट काढला.

"हा कुणीही घालावा. याला आडनाव लागत नाही."

काका माझ्या कानाशी लागले, "मग कोण कुठला, हे कळणार कसं?"

ताईंनी ते ऐकलं. कापडावरून हात फिरवला.

"हाच द्या," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "नवरदेवाला एक. आणि या आमच्या काकांचंही माप घ्या."