ओंजळीतली दारू

"ओंजळ धर," कारकून म्हणाला.

मी चावडीच्या पायरीखाली वाकलो. त्याने विटाळ होणार नाही इतक्या उंचावरून मडकं कलंडलं. सकाळपासून घोट मिळाला नव्हता, माझे हात लटलटत होते. दारू बोटांमधून मातीत गळाली.

"वाया घालवतोस? चाट."

मी चाटली. माती, शेण, दारू. वर बसलेली मंडळी खदाखदा हसली. मग त्याने उरलेली ओतली.

पेशव्यांच्या पुण्यात दारूला बंदी. पिताना सापडला त्याला चावडीवर फटके, आणि फटके मारायला मी. पकडलेली मडकी फोडायची नाहीत, माझ्यासाठी ठेवायची. शुद्धीवरचा माणूस दुसऱ्याची पाठ कशी फोडेल? म्हणून आधी पाजायचं, मग आसूड उचलायला लावायचा. माझी सावली त्यांना चालत नव्हती. माझा आसूड चालायचा.

त्या दिवशी खांबाला सख्या होता. आमच्याच वस्तीतला, दोर वळणारा. दारू पोटात गेली, हाताची थरथर थांबली. मी मारत सुटलो. कातडं सुटलं, रक्त माझ्या तोंडावर उडालं. तो किंचाळला, "आरं, तुझ्या तोंडाला माझ्याच मडक्याचा वास येतोय!"

पुढचे फटके आठवत नाहीत. लाज आठवते.

मी दारू बंद केली. रात्र व्हायच्या आत अंग उडायला लागलं. घामाने घोंगडी भिजली. भिंतीतून मुंग्या निघाल्या, डोळ्यांत शिरल्या. त्या झाडता झाडता मी बायकोचा गळा आवळला. तिने मुसळ हाणलं म्हणून वाचली.

वैद्याच्या दाराशी गेलो. तो आतूनच म्हणाला, "तुझी नाडी कोण धरणार? मरून पाहा, लगेच उतरेल."

उरला सख्या. तो पालथा पडला होता, पाठीवर माश्या.

"मला बांध," मी म्हणालो. "न्हाईतर कुणाचा तरी जीव घेईन."

तो कण्हत कोपरावर उठला. मग म्हणाला, "सोडायची तर मला बी हाय. आन तो दोर."

त्याने मला झोपडीच्या मेढीला बांधलं. मी ओकलो, त्याच्या आईला शिव्या दिल्या, त्याच्या मनगटाचा लचका तोडला. त्याने एक मुस्काटात दिली आणि माझं डोकं मांडीवर घेऊन पेज तोंडाला लावली. त्याचाही हात थरथरत होता. वरून न ओतता मला कोणी पाजतंय, हे पहिल्यांदाच घडत होतं. मी ढसाढसा रडलो.

अंग ताळ्यावर आलं तसं चावडीचं बोलावणं आलं. खांबाला एक कोष्टी बांधलेला.

"ओंजळ धर."

मी हात मागे घेतले. दारू मातीत पडली.

"चाट."

"न्हाई."

"मग तसाच मार."

हात स्थिर होता. मी आसूड वरच्या पायरीवर भिरकावला. सगळे अंग चोरून मागे सरले. माझ्या हातचा आसूड उचलणार कोण?

शेवटी शिपायांनी लाठ्या घेतल्या. माझे दात मातीत पडले, तिथेच, दारू पडली होती तिथे.

ते पुन्हा बोलावतील. मी जाईन. पाठ हवी तेवढी फोडा. ओंजळ धरणार नाही. आसूडही धरणार नाही.