उधाणाच्या दिवशी शेतात बसून

खाडीच्या चिखलाचा वास आला की मला घणसोलीतला माझ्या लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आठवतो. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून सासूबाईंनी आणि मी महिनाभर डोक्यावरून चिखल वाहून बांध घातला होता. त्याला सरकारी अनुदान होतं, पण तपासणीला येणाऱ्या साहेबांनी बांध पास केला तरच. साहेबांनी बुटाने बांध दाबून पाहिला आणि म्हणाले, "मऊ आहे. उधाणात टिकणार नाही." मला रडूच आलं. सासूबाई म्हणाल्या, "उधान आजच हाय, सायेब. आमी दोगी शेतान बसतो. भिजलो त पैसं नका देऊ." आणि मला हाताला धरून त्यांनी खाली बसवलं. बांधापलीकडे पाणी चढत चढत आमच्या डोक्यांपेक्षा वर गेलं. मी बांधावर नजर लावून बसले होते, त्या मात्र पान लावत होत्या. भरती ओसरू लागली तशा त्या उठल्या आणि त्यांनी लुगडं झटकलं. कोरडी धूळ उडाली! साहेब खो खो हसले आणि बांधावरच बसून त्यांनी सही केली. घरी येताना मी विचारलं, "आई, भीती नाही वाटली?" "वाटली त! म्हनून त तुला संगं बसवली." आता मी स्वतः सासू आहे, पण सुनेला हे सांगताना अजून माझंच हसू आवरत नाही.