पाच वॅटचा जिना

तिसऱ्या मजल्यावरच्या सरांना शिकवणीची मुलं पाठीमागे ‘ज्यूल’ म्हणायची, आणि सरांना ते चांगलं ठाऊक होतं. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला याहून वाईट नावं पडतात, असं म्हणून ते मनातल्या मनात खूशच असायचे. कार्य, ऊर्जा आणि शक्ती हा धडा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. बाहेरच्या खोलीत चार बाकं आणि एक फळा, आणि त्या फळ्यावर वर्षानुवर्षं तोच हमाल तीच पेटी डोक्यावर घेऊन सपाट रस्त्यानं चालायचा. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्यानं कार्य किती केलं? शून्य. ओढ खाली, चाल आडवी, म्हणून शून्य. घामाघूम झालेल्या माणसावर एवढा अन्याय करून सर खडूचे हात झटकायचे.

आत काकू ऐकत असायच्या. सरांच्या बायकोला सगळी इमारत काकू म्हणे. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाजारातून आल्या की दारातच विचारायच्या, “अहो, सपाट रस्त्यानं आणल्यात. म्हणजे काम शून्यच ना?”

“जिन्याचं मिळेल,” सर पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे.

“मग जिन्यापुरताच चहा करते.” आणि खरोखरच अर्धा कप चहा पुढ्यात यायचा. सर तो मुकाट्यानं प्यायचे. भांडणाचीसुद्धा हौस असलेला असा तो संसार होता.

पुढे काकूंचं हृदय कुरकुरायला लागलं. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, रोज थोडं सपाटीवर चाला, पण जिने नकोत, तळमजल्यावर घर बघा. इमारतीला लिफ्ट नव्हती. घर बदललं तर शिकवणी मोडणार, हे कारण सर चारचौघांत सांगत. खरं म्हणजे त्या खोल्यांतून त्यांचा पाय निघत नव्हता. आणि माणसाला जे करायचं नसतं त्याविरुद्ध त्याला पुरावा लगेच सापडतो. सरांना तो औषधाच्या पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सापडला.

वजन पन्नास किलो, उंची नऊ मीटर. कार्य साडेचार हजार ज्यूल. दीड मिनिटात चढलं तर पन्नास वॅट, पण पंधरा मिनिटं घेतली तर?

“पाच वॅट गं,” सर काकूंच्या खाटेशी बसून म्हणाले. “झिरोचा दिवासुद्धा याहून जास्त खातो. एवढं तर तुझं हृदय सहज देईल.”

काकूंनी आकड्यांकडे पाहिलं. त्यांना गणित कळत नव्हतं, नवरा कळत होता. “तुम्ही म्हणताय म्हणजे असेल,” त्या म्हणाल्या.

सरांनी प्रत्येक वळणावर एकेक स्टूल ठेवलं. पहिल्या दिवशी घड्याळ हातात धरून ते स्वतः मागे चालले, आणि काकू वर पोचल्यावर एखादा प्रयोग यशस्वी झाल्यासारखे हसले. पुढे संध्याकाळी शिकवणी असायची, म्हणून काकू खाली फिरायला जाऊन एकट्याच वर येऊ लागल्या. दारात पदरानं तोंड पुसत म्हणायच्या, “आले बघा तुमचे पाच वॅट.” मुलं हसायची. सर लगेच फळ्यावर ते उदाहरण सोडवून दाखवायचे, वजन आणि उंची तीच, फक्त ‘एक व्यक्ती’ असं लिहून. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी जिन्याचं विचारलं, तेव्हाही काकूंच्या आधी सरच बोलले आणि त्यांनी सूत्रच समजावलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. “सर, तळमजल्यावरचं घर बघा,” एवढंच ते पुन्हा म्हणाले.

घर पाहणं आज-उद्यावर गेलं. काकू एका दुपारी पडल्या पडल्याच गेल्या. सर शेजारच्या खोलीत पेपर तपासत होते.

पाहुणे पांगल्यावर दुसऱ्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई वर आली. तिच्या हातात गोळ्यांची एक अर्धवट पट्टी होती, जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची.

“काकूंच्या आहेत. आमच्याकडे राहिल्या होत्या,” ती म्हणाली.

“तुमच्याकडे कशाला?” सरांना काही उमगेना.

बाई घुटमळली. मग खाली बघत म्हणाली, “रोज संध्याकाळी वर यायच्या आधी त्या माझ्याकडे टेकायच्या ना. ओठ निळे पडलेले असायचे. गोळी ठेवायच्या, भिंतीला डोकं टेकून बसायच्या, दम खाली बसला की तोंड धुवायच्या, मग वर. मी कितीदा म्हटलं, काकू, सरांना सांगा.”

“मग?”

“म्हणाल्या, पाच वॅटला दम लागतो हे कुठल्या तोंडानं सांगू? लाज वाटते गं. त्यांचं गणित चुकत नाही, माझंच काहीतरी कमी पडत असणार.”

सर बाकावर बसले. जिन्यावर मुलांची पावलं वाजू लागली होती. आज शिकवणी नाही, हे सांगायला बाई आपणहून दाराकडे गेली आणि तिनं मुलांना परत पाठवलं. ती आत आली तेव्हा सर तोंडावर हात न घेता, लहान मुलासारखे हमसून हमसून रडत होते.

“गणित बरोबरच होतं हो,” ते मोठ्या कष्टानं म्हणाले. “तिला दम लागतो का, एवढं एकदा विचारायचं होतं. ते मी विचारलं नाही.”