हुदलीकरसरांनी दुमडलेलं पान

माझं पहिलं आणि अजून तरी शेवटचं पुस्तक मी हुदलीकरसरांना द्यायला गेलो, ते नेमकी मेव्हण्याचं नाव लिहून ठेवलेली प्रत घेऊन. सरांनी पहिलं पान डोळ्यांपासून लांब धरलं. मी गडबडीने सांगितलं, "मेव्हण्याच्या नावाची आणली चुकून."

"मेव्हण्यांनी वाचलं?"

"नाही सर."

"मग मलाही घाई नाही."

सर मोठे समीक्षक. पुण्यातली भांडणं आटोपून खंडाळ्याच्या बंगल्यात राहायला आलेले. पुस्तकावर ते लिहीत नसत, बोलत नसत. जिथे वाचणं सोडलं, तिथे पानाचा कोपरा दुमडून पुस्तक परत पाठवत. "पुस्तक मी सोडत नाही, तेच मला सोडतं," असं म्हणत. चौदाव्या पानावर दुमडलेला एक कवी पुढे प्लॉट विकू लागला. एक कादंबरीकार मात्र "माझं एकशे दोनला दुमडलं" हे व्हिजिटिंग कार्डावर छापायच्या बेतात होता.

माझं पुस्तक सहा वर्षं परत आलं नाही. दुसऱ्या पुस्तकाचं हस्तलिखित मी कपाटात ठेवलं. सरांचा कौल येऊ दे, मग बघू.

कौलाआधी सरच गेले. शोकसभेत प्रत्येकाने आपापल्या पानाचा आकडा सांगितला. सभेनंतर मी बायकोला घेऊन बंगल्यावर गेलो. सरांकडे वीस वर्षं स्वयंपाक करणाऱ्या कार्ला गावच्या सखूमावशी पुस्तकं खोक्यांत भरत होत्या. मेव्हण्याची प्रत सापडली. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही कोपरा दुमडलेला नव्हता. मी ते बायकोला दोनदा दाखवलं.

"त्ये व्हय," मावशी म्हणाल्या. "सरांचं डोळं कवाच गेलं हुतं. कुनाला सांगू नगं म्हनायचं. मीच वाचून दावायची, सैपाकघरात बसून. कुकरची तिसरी शिट्टी झाली की पान दुमडून उठायची. परत आलं की सर म्हनायचं, ऱ्हाऊ दे, कळलं मला."

मला तो प्लॉटवाला कवी आठवला. चौदा पानांत शिजणारा भात.

"मग माझं?"

"तुमचं पार शेवटापतूर वाचलं की. त्या दिशी गॅस संपला हुता. सिलिंडरची गाडी संध्याकाळी आली."

"सर काय म्हणाले?"

"सर झोपलं हुतं."

"मग तुम्ही कुणाला वाचून दाखवत होता?"

"कुनाला न्हाई. तुमच्या पुस्तकातली ती म्हातारी लेकाकडं ऱ्हायला जाती का न्हाई, त्ये बघायचं हुतं. बरं केलं, न्हाई गेली त्ये." मावशींनी पुस्तक खोक्यात टाकलं नाही, पदराने पुसून बाजूला ठेवलं. "ह्ये मी घरी न्हेती."

घाटातून परतताना बायको म्हणाली, "ते कपाटातलं आता काढा बाहेर. वाचणारी मिळाली तुम्हाला. मीही दोनदा बसले होते हो पहिलं वाचायला, पण आपल्याकडे दोन सिलिंडर आहेत."