सकिनालूचा डबा आणि चार देशांच्या वॅगनी

मांडीवर नकाशाचं जाडजूड पुस्तक आणि कानाला फोन, अशी माझी रविवारची बैठक ठरलेली आहे. मुलगी तिकडे आफ्रिकेत. आम्ही इकडे सोलापुरात, जुन्या सूतगिरणीच्या मागच्या गल्लीत. तिच्या आईला ती जेवली का, एवढंच जाणून घ्यायचं असतं. मला बाकीचं सगळं. मी रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात आयुष्यभर मालगाड्या हाकल्या, म्हणजे खुर्चीत बसून, फोनवर. प्रवासी गाडीचं कौतुक सगळे करतात. मालगाडी कुणाच्या खिजगणतीत नसते. ती साइडिंगला, बाजूच्या रुळावर, तासन्‌तास उभी राहते आणि मुकाट्याने देश चालवते. त्यामुळे मुलगी अवजड मालगाड्यांच्या कामावर गेली तेव्हा मला झालेला आनंद मी जरा लपवूनच ठेवला, कारण घरात दुसऱ्या बाजूला डोळे पुसणं चालू होतं.

काम असं होतं. आत, समुद्रापासून लांब, तांब्याच्या खाणी. तिथून चार देश ओलांडून बंदरापर्यंत एकच अवजड गाडी न्यायची. मी लगेच शहाणपणा केला. म्हटलं, “रुळांची रुंदी वेगवेगळी असेल ना? सरहद्दीवर माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागत असणार.” आमच्या होटगीला आणि कुर्डुवाडीला मी ते पाहिलेलं. छोट्या लायनीतून मोठ्या लायनीत पोती टाकणारे हमाल, उन्हात चमकणाऱ्या पाठी, आणि एका गाडीचं ओझं दुसरीत जाईपर्यंत खोळंबलेलं सगळं जग.

“नाही अप्पा,” ती हसली. “रुंदी सगळीकडे एकच आहे. तेवढं सोडून सगळं वेगळं आहे.”

मग रविवारमागून रविवार मी ते ‘सगळं’ काढून घेतलं. एका देशाच्या वॅगनीचे ब्रेक दुसऱ्याच्या इंजिनाला जुळत नाहीत. एका देशातला जुना पूल हलका, म्हणून चारही देशांत गाडी त्या पुलाच्या ताकदीइतकीच भरायची. एकीकडे ड्रायव्हर पोर्तुगीज बोलतो, पुढच्या स्टेशनातला माणूस इंग्रजी, त्यापुढचा फ्रेंच. मी विचारलं, “मग सिग्नल बिघडला तर वायरलेसवर काय बोलतात?” ती म्हणाली, “आधी हात हलवतात, मग ओरडतात.” मला हे ऐकून फार बरं वाटलं. म्हणजे आमच्यासारखंच.

पण खरं घोडं अडलं होतं ते रिकाम्या वॅगनींपाशी. भरलेली गाडी बंदराला जाते तेव्हा तिला सगळे वाट देतात, कारण भाड्यात सगळ्यांचा वाटा असतो. परत येताना तीच गाडी रिकामी, म्हणून तिला कोणी विचारत नाही. कुठल्या तरी साइडिंगला ढकलतात आणि मग हळूच आपल्याच कामाला जुंपतात. ज्याच्या वॅगनी त्याला त्या परत मिळत नाहीत. शेवटी प्रत्येक देश म्हणू लागला, आमच्या वॅगनी आम्ही सरहद्दीपलीकडे पाठवणार नाही. तसं झालं तर सरहद्दीवर माल उतरवा, पुन्हा चढवा. मग एकच गाडी नेण्याच्या कल्पनेत अर्थच काय राहिला? या चौघांना वॅगनींच्या बाबतीत एका मताला आणायचं, हे मुलीचं काम होतं. ते जमलं नाही तर प्रकल्प गुंडाळायचा आणि दिवाळीपर्यंत ती घरी.

घरी! तिच्या आईने गादी पिंजून आणली. नवी खोळ शिवली. अक्कलकोटकडची बाई, आनंद झाला की कन्नडमध्ये गुणगुणते. आणि मी? मला पोरगी घरी हवी होती. अगदी मनापासून हवी होती. पण ते कोडं माझ्या डोक्यातून जाईना.

पहिली सूचना मीच केली आणि चांगलाच तोंडघशी पडलो. म्हटलं, “अगं, आपल्याकडे शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत देतात का? वॅगन रिकामी पाठवायचीच नाही असा नियम करा. येताना खत भरा, सिमेंट भरा, डिझेलच्या टाक्या लावा. मग तिला वाट मिळेल.” तिला पटलं. चौघांनाही पटलं. प्रयोग सुरू झाला आणि वॅगनी बंदरातच जाऊन बसल्या. कारण खताचं जहाज यायला उशीर, सिमेंटच्या कागदावर कुणाची तरी सही नाही. नियमाप्रमाणे रिकामी हलवायची नाही, आणि भरायला तर काही नाही. आधी निदान अर्ध्या वाटेवर सापडायच्या, आता सगळ्याच तिथे थिजल्या. मुलीने फोनवर फक्त आईची चौकशी केली, पण तिचा आवाज मला कळतो.

त्याच आठवड्यात शेजारच्या वहिनी दारात आल्या. त्यांचं घर विणकरांचं. मागच्या खोलीत माग होते तेव्हा आमच्या भिंतीला कायम खडखडाट असायचा. घरात तेलुगू, आमच्याशी अस्सल सोलापुरी.

“वैनी, माझा मोठा स्टीलचा डबा हाय का हो तुमच्याकडं? पाव्हणे आलेत की, लागतोय.”

हिचा चेहरा पडला. तो डबा आमच्याकडे संक्रांतीपासून होता. त्यातून तिळाचे, तांदळाच्या पिठाचे, चकलीसारखे सकिनालू आले होते. आता श्रावण संपत आला तरी डबा फळीवरच. चोरायचा नव्हता हो! रिकामा कसा द्यायचा, म्हणून राहिला. पुरणपोळीच्या वेळी पुरण बिघडलं. नागपंचमीला हिला ताप. तोलामोलाचं काही करायचं आणि मग द्यायचा, असं म्हणता म्हणता शेजारणीचा डबा आमच्या घरचा झाला. त्या फळीवर आणखी कुणाकुणाची भांडी आहेत, ते मी विचारलं नाही.

“अवो, असू द्या, रिकामाच द्या,” वहिनी म्हणाल्या.

“रिकामा न्हाय द्यायची मी,” ही म्हणाली. आत गेली, मूठभर साखर डब्यात टाकली, झाकण लावून दिला. वहिनी डबा खुळखुळवत, हसत निघून गेल्या.

मी खुर्चीतून उठलो. मूठभर साखर! पुरणपोळीची वाट बघायचीच कशाला? ठरल्या दिवसांत तोलामोलाचा माल मिळाला तर ठीक, नाहीतर हाताला येईल ते टाका, दोन वॅगनींत मीठ टाका आणि सोडा. थोडा का असेना, माल आहे म्हटल्यावर गाडी भरलेलीच ठरते. सगळ्यांना वाटा मिळतो, म्हणजे वाटही मिळते. मी फोनकडे धावलो.

“कुणाला लावताय?” हिने विचारलं.

मी सांगितलं. अगदी उत्साहाने, हातवारे करून सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “सुम्म कूड्री.” म्हणजे गप्प बसा. ही कन्नडमध्ये गप्प बसवते तेव्हा त्यावर अपील नसतं. तिची नजर आतल्या खोलीतल्या नव्या गादीवर होती. मी फोन ठेवला.

रविवार उजाडेपर्यंत मी बेचैन होतो. कोडं सुटलेलं आणि तोंड बंद. याहून वाईट शिक्षा माझ्यासारख्याला नाही. फोन आला तेव्हा मी नकाशा उघडलाच नाही.

“अप्पा, बहुतेक आवरतंय इथलं,” मुलगी म्हणाली. “पुढच्या मीटिंगनंतर सामान बांधते. तुम्ही म्हणत होता ना, दिवाळीला...” पोरगी रडत नव्हती, पण रडू येऊ न देण्याची धडपड ऐकू येत होती. मी हिच्याकडे पाहिलं.

हिने माझ्या हातातून फोन घेतला. “रडू नगं,” ती म्हणाली. “ऐक. परवा शेजारच्या काकू डबा मागाय आल्या...” आणि साखरेची सगळी हकिगत तिनेच सांगितली. माझ्यापेक्षा नीट सांगितली. शेवटी म्हणाली, “वाट बघत बसलं की भांडं अडकतं बघ. काय बी घालायचं आन्‌ लावून द्यायचं.”

मग मुलगी हसली, लहानपणी हसायची तशी.

मीटिंगमध्ये तिने ती गोष्ट जशीच्या तशी सांगितली म्हणे. भाड्याबद्दल कोणी शंका काढली नाही. एका मोठ्या साहेबाने एवढंच विचारलं, “त्या डब्यात आधी काय आलं होतं?” सकिनालू म्हणजे काय ते समजावताना तिच्या नाकी नऊ आले. थोडा का असेना, माल भरून गाडी ठरल्या दिवसांत सोडायची, हे चौघांनी मान्य केलं. काम वाढलं. दिवाळीला ती आली नाही. गादी गुंडाळून माळ्यावर धपकन पडली, आणि तो आवाज मला दिवसभर पुरला.

थंडीत तिच्या ऑफिसातला एक माणूस हैदराबादला आला होता, तो वाट वाकडी करून आमच्याकडे आला. मुलीने आफ्रिकेला जाताना शेंगाचटणी भरून नेलेला आमचा डबा त्याने टेबलावर ठेवला. हिने झाकण काढलं. आत मूठभर साखर होती, तिकडची, जाड, तांबूस.

“डबा वेळेत आला की नाही बघा,” ही म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावून तशीच बसून राहिली.

मग तिने त्याच साखरेचा चहा केला, त्या माणसाला दिला, आम्हीही घेतला. त्याचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. ही उठली, डबा घासून पुसला आणि शेंगदाणे भाजायला घेतले.