लाल शाईतले नाव

१३ मार्च, सकाळी सात वाजून चार मिनिटे. रक्तदाब मोजण्याचे यंत्र काखेत धरून मी जर्मनीत, रेगेन्सबर्गमधल्या आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरची घंटा वाजवली. दार सोमसी मावशींनी उघडले नाही. त्यांच्या मुलीने, मोनिकाने उघडले. आई फोन उचलत नाही म्हणून ती आदल्या संध्याकाळी नेकारसुल्महून गाडी चालवत आली होती. "खुर्चीतच होती," ती म्हणाली. "चष्मासुद्धा डोळ्यांवर तसाच..." मी सवयीने उंबऱ्याबाहेर बूट काढले, आत गेले, आणि यंत्र कुठे ठेवावे ते मला कळेना.

मावशी चाळीस वर्षांपूर्वी थायलंडहून इथे आल्या. पती जर्मन होते. ते जाऊन बरीच वर्षे झाली होती. मी वरच्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी माझे वय विचारले, मग माझ्या आईचे. हे ऐकून विद्यापीठातले माझे जर्मन सहकारी चकित झाले. मला मात्र हे घरचेच वाटले. थाई माणसाला नाते लावल्याशिवाय हाक मारता येत नाही, आणि नाते लावायचे तर वय हवे. त्या आईपेक्षा मोठ्या निघाल्या, म्हणून त्या माझ्या 'पा', म्हणजे मावशी, आणि मी त्यांची 'नू', म्हणजे उंदीर.

"उंदीर?" मी विचारले.

"लहान मुलींना आम्ही असेच म्हणतो."

"मी अठ्ठावीस वर्षांची आहे, मावशी."

"गेनाऊ, अगदी बरोबर. लहान."

त्या चूक कधीच दाखवत नसत. एकदा मी त्यांच्या घरी पाय पसरून बसले होते आणि तळवे नेमके कोपऱ्यातल्या बुद्धमूर्तीकडे होते. त्या उठल्या, एक उशी आणून माझ्या पायांवर ठेवली आणि "थंडी आहे," म्हणाल्या. तो जुलै महिना होता. समोरच्याला आपल्यामुळे अवघडल्यासारखे होऊ नये, या काळजीला त्यांच्या भाषेत एक शब्द आहे. आपली 'भीड' त्याच्या जवळपास पोचते. मला तो गुण मोठा वाटे, पण तो माझ्या संशोधकाच्या शिस्तीत बसत नसे. निरीक्षण करणाऱ्याला प्रतिसाद हवा असतो, आणि मावशींच्या हसण्यातून होकार आणि नकार वेगळे काढता येत नसत.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये डॉक्टरांनी त्यांना रोज रक्तदाब नोंदवायला सांगितले. मोतीबिंदूमुळे आकडे दिसत नसत, म्हणून ते काम मी घेतले: रोज सकाळी, विद्यापीठाची बस पकडण्याआधी. कोरी वही आणली. आमच्या घरी कोऱ्या वहीच्या पहिल्या पानाला आई कुंकवाचे बोट लावते. माझ्याकडे कुंकू नव्हते. लाल पेन होते. मी पहिल्या पानावर वर 'श्री' लिहिले आणि खाली ठळक लाल अक्षरांत मावशींचे पूर्ण नाव. त्यांनी वही दोन्ही हातांनी घेतली, क्षणभर पाहिली आणि हसल्या.

मेमध्ये आई आली. निघताना तिने, विधवा वगैरे न पाहता, मावशींना हळदीकुंकू लावायचे ठरवले. थाई माणसाच्या डोक्याला परक्याने हात लावू नये, एवढे मी तोवर शिकले होते. "आई, थांब," म्हणेपर्यंत मावशींनी आपणहून मान खाली केली होती. आईच्या कपाळाकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "झाले ना नीट?" आईने मला दटावले. "उगीच घाबरवतेस माणसाला."

मग नोव्हेंबर. मी प्रयोगशाळेत लाल पेनाने नळ्यांवर सगळ्यांची नावे घालत होते. नव्याने आलेल्या थाई सहकारिणीने माझा हात धरला. "माझे नाव लाल शाईने नको. लाल शाईत मेलेल्या माणसाचे नाव लिहितात."

मी हिशेब केला. सात महिने मी त्या बाईंसमोर रोज सकाळी तेच पान उघडत होते. दुसऱ्या दिवशी मी निळ्या पुठ्ठ्याची नवी वही नेली. "हिच्यात अजून पाने आहेत, नू," म्हणत त्यांनी जुनीच पुढे सरकवली. ही भीड होती की क्षमा, ते मला ठरवता आले नाही आणि विचारण्याचे धाडसही झाले नाही. चार महिन्यांनी त्या गेल्या. दोन घटना एकापाठोपाठ घडल्या म्हणजे पहिलीने दुसरी घडवली असे नसते, हे मी दर मंगळवारी विद्यार्थ्यांना शिकवते. मावशींचे आयुष्य माझ्या शाईने कमी झाले असे मी मानत नव्हतेच. पण त्यांनी ते शेवटचे वर्ष भीतीत काढले असेल आणि मला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिल्या असतील, तर?

सातव्या दिवशी थाई विहारात भिक्खूंना अन्नदान होते. मी पाय मागे दुमडून बसले आणि मोनिकाला सगळे सांगून टाकले. तिने तोंडावर हात ठेवून हसू दाबले.

"घाबरली होती ना! पहिल्या दिवशी मला फोन केला: 'वरची मुलगी फार गुणी आहे, पण तिने मला मारून टाकले.' महिनाभर ती वही खणात उपडी ठेवायची."

"महिनाभर?"

"तुझी आई येईपर्यंत. त्या दिवशी पुन्हा फोन. 'मोनिका, यांच्याकडे लाल रंग जिवंत माणसाला लावतात. मलाही लावला.' आल्झो, तर मग वही खणातून टेबलावर आली. तू निळी आणलीस तेव्हा तर ती रुसलीच होती."

माझ्या छातीवरचे ओझे उतरले, अगदी मोजता यावे इतके. मी रडले, आणि ते रडणे सुटकेचे होते हे लपवावेसे वाटले नाही. मोनिकाने पिशवीतून वही काढून दोन्ही हातांनी माझ्या हातांत दिली.

पहिले पान मी नोव्हेंबरनंतर टाळत आले होते. वही थेट खुणेपाशी उघडायचे. आता ते उघडले. मावशींच्या नावाखाली, न दिसणाऱ्या डोळ्यांनी काढलेल्या वेड्यावाकड्या मोठ्या अक्षरांत माझे नाव होते... लाल शाईत. कुणाचेही नाव त्या शाईत लिहायला त्यांचा हात जन्मात धजावला नसता. माझे लिहिले, माझ्या घरच्या रीतीने.

वही आता माझ्या टेबलावर असते, सुलटी. सकाळी सात वाजता मी अजूनही हातातले काम थांबवते आणि तिचे शेवटचे भरलेले पान पाहते. अक्षर माझे आहे, घाईचे, बस पकडायची होती म्हणून.

१२ मार्च, सकाळी ७.०५ : १२४/७८. नाडी ६६.